हेगसेथ चालतील, टॅरिफ नाही : एका उजव्या मतदाराचं गाऱ्हाणं

डॅलसकर

शुक्रवारी, २० फेब्रुवारी २०२६ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्पसाहेबांचं आणीबाणीच्या कायद्याखाली लावलेलं टॅरिफ (आयात मालावरचा कर) ६ विरुद्ध ३ मतांनी बेकायदा ठरवलं. तेव्हापासून इकडच्या मराठी मंडळींत दोनच सूर लागलेत. एक, 'बरी जिरली'. दुसरा, 'न्यायाधीशसुद्धा फुटले'. मला दोन्हींत सूर मिसळता येत नाहीये, म्हणून हा प्रपंच.

आधीच सांगून टाकतो, मी रिपब्लिकन मतदार आहे. २०२४ लाही होतो. (ज्यांना इथेच वाचणं थांबवायचंय त्यांनी थांबावं, राग नाही.) कमी कर, आटोपशीर सरकार, तगडं सैन्य आणि दिल्या शब्दाला जागणारा देश, या चार गोष्टींसाठी मी या पक्षाकडे आलो. त्याच चार गोष्टींवर वर्षभराचा ताळेबंद मांडला तर संरक्षणात मला जमा दिसते आणि व्यापारात ढळढळीत तूट.

संरक्षणमंत्री पीट हेगसेथ हे फॉक्स वाहिनीचे निवेदक होते म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांची टिंगल झाली. सिनेटमध्ये ५०-५० मतं पडून उपाध्यक्ष व्हान्स यांना निर्णायक मत द्यावं लागलं. मॅककॉनेल, मर्कोव्स्की, कॉलिन्स हे आपलेच तिघं विरोधात गेले. ठीक आहे. पण हा गृहस्थ नॅशनल गार्डचा अधिकारी म्हणून इराक आणि अफगाणिस्तानात राहून आलाय, हे सांगताना वार्ताहरांची जीभ जड होते. २०२२ मध्ये लष्कराला उद्दिष्टापेक्षा १५,००० जवान कमी मिळाले होते. २०२५ चं ६१,००० चं उद्दिष्ट चार महिने आधीच, जूनमध्ये, पुरं झालं. त्याच जूनमध्ये सात बी-२ विमानं मिसुरीहून उडाली, इराणच्या फोर्दो आणि नतांझ अणुकेंद्रांवर १४ बंकरफोडे बाँब टाकून परत आली, एकालाही ओरखडा नाही. आणि आपल्याकडे बातमी काय? संरक्षण गुप्तवार्ता खात्याचा एक प्राथमिक, खुद्द खात्यानेच फारशी खात्री न दिलेला अहवाल फुटला, की इराणचं नुकसान काही महिन्यांपुरतंच आहे. दोन दिवस तेवढंच दळण. हेगसेथ पत्रकार परिषदेत भडकले तर त्यांचं भडकणं ही पुढची बातमी.

गॅलप या जनमत संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास असणारे अमेरिकन २८ टक्के निघाले, रिपब्लिकनांत फक्त ८. हा आकडा ट्रम्पनी वाढवला-घटवला असं म्हणून संपादक मंडळींना हात झटकता येणार नाहीत.

आता टॅरिफ. कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिला आहे, हे आम्ही उजवे चाळीस वर्षं घोकत आलो. ओबामा, बायडन यांनी कायद्यात नसलेले अधिकार ओढून घेतले तेव्हा आम्हीच न्यायालयात धाव घेतली. मग आणीबाणीच्या १९७७ च्या ज्या कायद्यात टॅरिफचा उल्लेखच नाही, त्याच्या आधारे एका सहीने जगभर कर लावला तर तो चालतो कसा? निकाल लिहिला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी. सोबत गॉर्सच आणि बॅरेट, दोघेही ट्रम्प यांनीच नेमलेले. दावा लावणारे कोण, तर न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार आणि इलिनॉयची एक शैक्षणिक खेळण्यांची कंपनी. यांत मला डावं काहीच दिसत नाही.

आणि निकालानंतर? शुक्रवारी संध्याकाळी १९७४ च्या व्यापार कायद्याचं कलम १२२ काढून १० टक्के टॅरिफ, शनिवारी म्हणे १५ करणार. हे कलम १५० दिवसांचं आहे. दुकानदाराने माल कुठल्या भावाने मागवायचा?

मतं येऊ द्यात. शिव्या शक्यतो मराठीत.


लालबुंद हत्ती

डॅलसकर, तुमच्यासारख्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' वाचून उजव्या झालेल्यांची हीच अडचण आहे. टॅरिफ हा उजवा विचार नाही? अहो, पक्षाचा जन्मच त्यावर झालाय! लिंकन टॅरिफवाले. १८६१ चा मॉरिल टॅरिफ कायदा आमचाच. अध्यक्ष मॅकिन्ली टॅरिफवाले. खुला व्यापार हे रिपब्लिकनांचं व्रत दुसऱ्या महायुद्धानंतरचं, आणि तेसुद्धा सोयीने पाळलेलं.

रेगनचं नाव तुम्ही आता काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १९८३ मध्ये रेगन यांनी ७०० सीसीवरच्या आयात मोटारसायकलींवर ४५ टक्के जादा कर लावला, हार्ले-डेव्हिडसन वाचावी म्हणून. १९८७ मध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने मागच्या ऑक्टोबरात जाहिरातीत वापरलेलं ते रेगन यांचं रेडिओ भाषण होतं ना, ज्यावरून ट्रम्प यांनी कॅनडाशी बोलणी तोडली? ते भाषण त्या १०० टक्क्यांची कारणं सांगायलाच केलेलं होतं. जाहिरातीत तेवढं कापलं.

आणि 'तगडं सैन्य' हवंय ना? चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवाने लावले तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. एफ-३५ मध्ये ते धातू लागतात, पाणबुडीत लागतात, क्षेपणास्त्रात लागतात. जहाजबांधणीत आपण चीनच्या पासंगालाही पुरत नाही. पोलादाची भट्टी, गोदी, चुंबकाचा कारखाना हे बाहेर गेलं की कितीही पुशअप काढणारा संरक्षणमंत्री आणा, युद्ध तिसऱ्या आठवड्यात थांबेल. २००१ मध्ये चीनला जागतिक व्यापार संघटनेत घेतलं, तेव्हा स्वस्त टीव्ही मिळाला म्हणून टाळ्या वाजवणारे तुम्हीच. ओहायोतल्या गावांचं काय झालं ते तिथे जाऊन बघा.

शिवाय २०२५ च्या आर्थिक वर्षात सीमाशुल्काचं उत्पन्न दुपटीहून वाढून १९५ अब्ज डॉलरवर गेलं. तूट कमी करायला दुसरा काही उपाय असेल तर सांगा. प्राप्तिकर वाढवायचा?


काडीपैलवान

एक रिपब्लिकन हत्ती दुसऱ्या रिपब्लिकन हत्तीला सोंड मारतोय. आम्ही गवतात नाही, गच्चीवर आहोत. चालू द्या.


माजी फौजी, सातारा

डॅलसकरसाहेब, व्यापारातलं मला कळत नाही, त्यात पडत नाही. पण संरक्षणाच्या जमेबद्दल बोलतो, कारण आयुष्य त्यात गेलं.

तुमच्या लेखात सिग्नल प्रकरण कुठेच नाही. विसरलात की वगळलंत? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १५ मार्च २०२५ ला येमेनमध्ये हौथी बंडखोरांवर अमेरिकेचा हल्ला झाला. त्याआधी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार वॉल्ट्झ यांनी सिग्नल ॲपवर गट काढला आणि त्यात चुकून 'द अटलांटिक'चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना घेतलं. त्या गटात संरक्षणमंत्र्यांनी ११ वाजून ४४ मिनिटांनी वेळापत्रक टाकलं. १२:१५ ला एफ-१८ उडणार. पहिले बाँब कधी पडणार तेही लिहिलं. म्हणजे वैमानिक अजून डेकवर आहे आणि त्याची वेळ एका पत्रकाराच्या खिशात आहे. हौथींना हलके समजू नका, त्यांनी अमेरिकेची एमक्यू-९ ड्रोन पाडलेली आहेत.

आमच्याकडे साध्या कॉन्व्हॉयची सुटायची वेळ घरच्या फोनवर सांगितली तरी जवानाला कमांडिंग ऑफिसरसमोर मार्च करत नेतात. इथे मंत्री. त्यावर पेंटॅगॉनच्याच, म्हणजे त्यांच्याच संरक्षण खात्याच्या, महानिरीक्षकाने डिसेंबरात अहवाल दिला की खासगी फोनवरून असं पाठवणं नियमबाह्य होतं आणि त्यातून सैनिकांना धोका होऊ शकला असता. मंत्री म्हणाले, मी निर्दोष सुटलो.

दुसरं. संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष जनरल ब्राऊन, एफ-१६ चे वैमानिक, चार वर्षांची मुदत अर्धीसुद्धा झाली नव्हती, फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी. नौदलप्रमुख ॲडमिरल फ्रँचेट्टी घरी. कारण? कधी नीट सांगितलंच नाही. काढायचा अधिकार मुलकी सरकारला आहे, यात वाद नाही. ३० डिसेंबर १९९८ ला आपल्याकडे नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवतांना काढलं, पण सरकारने कारण सांगितलं, संसदेत चिरफाड झाली, आजही लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. भांडायला काहीतरी कागद तरी आहे.

आणि मंत्र्याला अनुभव हवाच असं मी म्हणणार नाही. यशवंतरावांनी कुठे बंदूक चालवली होती? १९६२ च्या नोव्हेंबरात सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला तेव्हा कृष्ण मेनन यांनी बढत्यांत ढवळाढवळ करून सेनेची वाट लावलेली होती. यशवंतरावांनी काय केलं? रोज सकाळी तिन्ही प्रमुखांना समोर बसवलं आणि ऐकलं. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, हवाईदलप्रमुख अर्जनसिंगांनी हवाई हल्ल्याची परवानगी मागितली, यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली. मंत्री असा असतो. आणि हेगसेथ? ३० सप्टेंबर २०२५ ला क्वांटिकोच्या लष्करी तळावर जगभरातून शेकडो जनरल बोलावून 'जाडे जनरल मला चालणार नाहीत' असं कॅमेऱ्यासमोर बोलणं हे पीटी मास्तरचं काम आहे.


डॅलसकर

फौजीकाका, सिग्नलबद्दल मी बचाव करणार नाही. मात्र तोच अहवाल हेही सांगतो की ती माहिती गोपनीयतेतून मुक्त करण्याचा अधिकार मंत्र्यांना होता. नियम मोडला; गुन्हा नाही. दुसरं म्हणजे गोल्डबर्गना गटात घेणारे वॉल्ट्झ होते आणि १ मेला त्यांचं पद गेलं.

क्वांटिकोवरून मात्र मतभेद. जवानाला वर्षातून दोनदा तंदुरुस्तीच्या चाचणीत नापास करायचं आणि जनरलचं पोट टेबलाला टेकलेलं, हे त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांना मनातून पटलं असेल. कॅमेरे नसते तर बरं झालं असतं, तेवढं मान्य.

लालबुंद हत्ती, मॅकिन्लींची आठवण काढलीत ते उत्तम. १८९० मध्ये त्यांचा टॅरिफ कायदा झाला, त्याच वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकनांचं पानिपत झालं आणि खुद्द मॅकिन्लींची जागा गेली. १९०१ मध्ये बफेलोच्या भाषणात ते परस्पर व्यापार करारांची बाजू घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी लागली. ट्रम्प त्यांची पहिली गोष्टच सांगतात. आणि रेगन यांनी मोटारसायकलींवर कर लावला तो कायद्यात ठरलेल्या चौकशीनंतर, एका मालावर, ठरावीक वर्षांसाठी. ट्रम्प यांच्यासारखा नुसते पेंग्विन राहतात त्या बेटांवरही नाही.

पोलादावर ५० टक्के लावलेत, तो १९६२ च्या कायद्याच्या कलम २३२ खाली. न्यायालयाने त्याला हातही लावलेला नाही. संरक्षणासाठी हवं ते तिथे करा ना! माझं भांडण तिथे नाहीच. माझं भांडण आहे कॉफीवर कर लावण्याशी. अमेरिकेत कॉफी हवाईत थोडीबहुत पिकते. कुठला कारखाना परत आणायचा होता?


न्यू जर्सीची काकू

कॉफीवरचा कर नोव्हेंबरात काढला की. कॉफी, चहा, केळी, मसाले, गोमांस. म्हणजे वर्षभर 'कर परदेशी लोक भरतात' असं सांगितलं आणि महागाईवरून नोव्हेंबरच्या निवडणुकांत इथे न्यू जर्सीत आणि व्हर्जिनियात मार बसल्यावर दहा-बारा दिवसांत तोच कर काढून 'बघा, स्वस्त केलं'. परदेशी लोक भरत होते तर काढल्यावर आमचं स्वस्त कसं होणार होतं हो? मी एडिसनच्या देशी दुकानात हळदीच्या पाकिटावर जुन्या किमतीवर चिकटवलेली नवी किंमत नखाने सोलून बघणारी बाई आहे. मला अर्थशास्त्र शिकवू नका.

डॅलसकर, तुमच्या भरतीच्या आकड्याबद्दल. २०२२ मध्ये १५,००० कमी, २०२३ मध्येही कमीच, पण २०२४ मध्ये ५५,००० चं उद्दिष्ट गाठलं. तेव्हा मंत्री ऑस्टिन होते, अध्यक्ष बायडन. गाडी रुळावर आली ती एका साध्या गोष्टीमुळे : २०२२ च्या ऑगस्टात फोर्ट जॅक्सनला पूर्वतयारीचा वर्ग सुरू केला. वजनात किंवा लेखी परीक्षेत थोडक्यात मागे पडणाऱ्या मुलांना आधी तिथे तयार करून घेतात, मग भरती. कंटाळवाणी बातमी आहे, कुणी दाखवत नाही. तुमच्या फॉक्सनेही नाही आणि आमच्या सीएनएननेही नाही. जमा लिहायची तर खातं बरोबर लिहा.


डॅलसकर

काकू, वर्गाचं श्रेय ज्याचं त्याला. पण २०२५ चं उद्दिष्ट सहा हजारांनी मोठं होतं आणि ते चार महिने आधी पुरं झालं. मुलं वातावरण बघूनही येतात, हे मी टेक्सासातल्या शाळांत बघतोय. माझं खातं मी बदलत नाही.


उपसंपादक

बाकी सगळं राहू द्या, मला माध्यमांवर बोलायचंय, कारण तिथे डॅलसकरांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

फुटलेला अहवाल छापणं हे वार्ताहराचं कामच आहे. प्राथमिक होता, कमी खात्रीचा होता, आणि तसं त्या बातम्यांत लिहिलेलंही होतं. २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत हे सरकारी म्हणणं अमेरिकन वृत्तपत्रांनी पुरेसं न तपासता छापलं. त्याची किंमत कुणी मोजली? हेगसेथ स्वतःच इराकमध्ये जाऊन आलेत, त्यांनी तरी हे विसरू नये. जून २०२५ च्या त्या पत्रकार परिषदेत ते ज्यांच्यावर घसरले त्या जेनिफर ग्रिफिन कोण? फॉक्सच्याच, त्यांच्या जुन्या सहकारी, वर्षानुवर्षं पेंटॅगॉनचं वार्तांकन करणाऱ्या. त्यांनी विचारलं होतं की अतिसमृद्ध युरेनियम बाँब पडण्याआधी हलवलं नाही याची खात्री आहे का. इराणबद्दलचा त्या दिवशीचा सर्वांत कामाचा प्रश्न तोच होता.

आता ऑक्टोबर. पेंटॅगॉनने वार्ताहरांपुढे नवी नियमावली ठेवली. त्याचं सार : मंजुरी नसलेली माहिती मिळवायचा प्रयत्न केलात तर तुम्हाला सुरक्षेला धोका ठरवून ओळखपत्र काढून घेता येईल. सही करा नाहीतर जागा खाली करा. १५ ऑक्टोबरला एपी, रॉयटर्स, न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्टच्या लोकांनी बिल्ले ठेवले आणि खोकी उचलून बाहेर पडले. डावे म्हणाल ना? फॉक्सनेही सही केली नाही. न्यूजमॅक्सनेही नाही! सही करणाऱ्यांत नाव घेण्याजोगी वन अमेरिका न्यूज. ८ टक्के रिपब्लिकनांचाच माध्यमांवर विश्वास आहे म्हणता, पण रिपब्लिकनांच्या सगळ्यात लाडक्या वाहिनीलाही ते नियम गिळवले नाहीत.

आपल्याकडे २०१९ मध्ये अर्थमंत्रालयाने नॉर्थ ब्लॉकमध्ये अधिस्वीकृती असलेल्या पत्रकारांनाही आधी वेळ घेतल्याशिवाय प्रवेश बंद केला. तेव्हा काय झालं ते आम्ही बघितलंय : बातम्या थांबल्या नाहीत, पण त्या एकाच तोंडून यायला लागल्या. पेंटॅगॉनच्या व्हरांड्यात कर्नल माणूस वार्ताहराला थांबवून 'हे पूर्ण खरं नाहीये' असं सांगतो, तिथे निम्म्या चुकीच्या बातम्या मरतात. व्हरांडा बंद केला की डॅलसकरांची तक्रार वाढणार आहे, कमी होणार नाही.


लालबुंद हत्ती

उपसंपादकसाहेब, तुमचा व्हरांडा आम्ही २०२० मध्ये बघितला. बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने दिली तर तिला वाळीत टाकलं, ट्विटरने लिंकसुद्धा अडवली. बायडन यांना अध्यक्षपद झेपत नाहीये हे आख्ख्या देशाला दिसत होतं. व्हरांड्यातल्यांना ते जून २०२४ च्या वादफेरीनंतर दिसलं. तेव्हा कुठल्या कर्नलने कानात सांगितलं नाही वाटतं.

फॉक्सने सही केली नाही ती धंद्यातल्या एकीसाठी. वकील लोकही एकमेकांविरुद्ध लढतात पण बार कौन्सिलमध्ये एक असतात.


उपसंपादक

लॅपटॉपवर तुमचं म्हणणं रास्त आहे. बायडन यांच्या वयाबद्दलही बरंचसं. पण आधीच्यांनी प्रश्न विचारले नाहीत म्हणून आताच्यांनी विचारू नयेत, हा न्याय कुठला? सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकी सैन्य अमली पदार्थांच्या संशयावरून कॅरिबियन समुद्रात नावा उडवतंय. २ सप्टेंबरच्या पहिल्याच हल्ल्यात ११ जण मेले. त्यात पहिल्या तडाख्यातून वाचलेल्यांवर दुसरा हल्ला झाला, हे वॉशिंग्टन पोस्टने नोव्हेंबरच्या शेवटी उघड केलं, तोवर काँग्रेसमधल्या बहुतेकांना पत्ता नव्हता. त्यानंतर सशस्त्र दलांच्या समित्यांतल्या रिपब्लिकनांनीही चौकशी करू म्हटलं. त्यांना माहिती कुठून मिळाली? सरकारी पत्रकातून?


माजी फौजी, सातारा

बुडत्या नावेतल्या माणसावर गोळी चालवायची नसते. हे कॅडेटला पहिल्या वर्षी शिकवतात. खरंखोटं चौकशीत ठरेल, पण चौकशी मागणं हा देशद्रोह नाही एवढंच बोलतो.


टॉवेलवाला

सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसी. हेगसेथ कोण ते मला या धाग्यावरच नीट कळलं. टॅरिफ मात्र ऑगस्टपासून पाठ आहे.

आम्ही टेरी टॉवेल बनवतो, माल बराचसा अमेरिकेला. ७ ऑगस्टला २५ टक्के लागलं, रशियाच्या तेलापायी २७ ऑगस्टला आणखी २५. एकूण ५०. त्याच वेळी पाकिस्तानला १९, बांगलादेशला २०. टॉवेलमध्ये आमची खरी टक्कर कराचीवाल्यांशी आहे, लक्षात घ्या. ५० आणि १९. तेच सूत, तेच जीएसएम (कापडाचं वजन), तोच बायर.

२७ च्या आधी जहाजात चढलेला आणि १७ सप्टेंबरपर्यंत तिकडे सुटलेला माल वाचणार होता. त्या आठवड्यात न्हावा शेवाला कंटेनर लावायला जी पळापळ झाली ती विचारू नका. पॅकिंगच्या बायका रात्रपाळीला थांबल्या, लेबल उलटी लागली तरी माल सोडला. त्यानंतर बायरचा मेल : पहिल्या २५ चं आपण निम्मं निम्मं करू, वरच्या २५ चं तुम्ही बघा. बघा म्हणजे सवलत द्या. दिली. न देऊन काय करता, गोडाऊनला त्यांच्या ब्रँडचं नाव विणलेला माल पडलेला. तो मंगळवार बाजारात विकता येतो का?

नंतर ऑर्डरी थांबल्या. दोन पाळ्यांची एक केली. २ फेब्रुवारीला १८ टक्क्यांचा करार झाल्याची बातमी आली तेव्हा पेढे वाटणारे होते आमच्यात. आता शुक्रवारी न्यायालय म्हणतं सगळंच रद्द, आणि वर सगळ्यांना सरसकट १० की १५. म्हणजे १८ साठी एवढी ओढाताण केली ती कशाला?

हत्तीसाहेब, तुमच्या ओहायोतल्या गावाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण टॉवेल आता अमेरिकेत कोण विणतो? तुम्ही कर लावलात तो सोलापूरवरून कराचीला गेला. ओहायोला नाही गेला.


लालबुंद हत्ती

टॉवेलवाले, तुमच्याशी वैर नाही. पण रशियाचं तेल स्वस्तात घेऊन नफा कमावणारे तुमच्या एमआयडीसीतले नव्हते, हेही तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या नफ्याची शिक्षा तुम्हाला बसली. ते दिल्लीला विचारा. दबावाशिवाय कोण हलतं? १८ चा करार दबावामुळेच झाला.


न्यू जर्सीची काकू

दबाव चीनवर १४५ टक्क्यांचा होता. चीन हलला? मे महिन्यापासून पाच-सहा महिने त्याने सोयाबीनचा दाणा उचलला नाही आणि दुर्मीळ धातूंचा नळ बंद केला. १४५ चे ३० करून मागे कोण आलं? शेवटी डिसेंबरात देशभरातल्या शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. डॅलसकर, तुमचं 'आटोपशीर सरकार' हेच का?


डॅलसकर

काकू, यावर माझं-तुमचं एकमत आहे हे बघून घरी कुणी विश्वास ठेवणार नाही. आधी कर लावून गिऱ्हाईक घालवायचं, मग त्याच करातून शेतकऱ्याला मदत द्यायची, हे आम्ही दुसऱ्या कुणी केलं असतं तर समाजवाद म्हणालो असतो. २०१८-१९ मध्येही हेच झालं होतं, तेव्हा मी गप्प बसलो नव्हतो. पक्षाच्या बैठकीत बोललो तर सोयाबीनवाल्या काउंटीतल्या माणसानेच मला खाली बसवलं. त्याला मदतीचा चेक आला होता.

पण चीन वेगळा, बाकीचे वेगळे. चीनवर लावा, काँग्रेसमधून कायदा करून लावा, दहा वर्षांसाठी लावा म्हणजे कारखाना उभारणाऱ्याला हिशोब मांडता येईल. हत्ती म्हणतात त्या चुंबकाच्या कारखान्याला बँक कर्ज देणार ते १५० दिवसांच्या कराकडे बघून देणार नाही.


काडीपैलवान

टॉवेलवाले, न्यायालयाने कर बेकायदा ठरवला म्हणजे शंभर अब्जांच्या वर रक्कम परत द्यावी लागणार म्हणतात. तुमची सवलत परत येणार का? पार्टी कधी?


टॉवेलवाला

पार्टी कसली. परतावा मिळाला तर तिकडे बंदरात ज्याच्या नावाने माल सुटला त्याला, म्हणजे आयातदाराला. कर त्याने भरला ना कागदावर. कॉस्कोसारख्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी तर नोव्हेंबरातच परताव्याचा दावा ठोकून ठेवलाय. आम्ही दिलेली सवलत बिलात 'किमतीत कपात' म्हणून लागली आहे, तिला कुठलंच न्यायालय टॅरिफ म्हणणार नाही. काल बायरला मेल टाकलाय, परतावा आला तर आमच्या निम्म्याचं काय म्हणून. त्यांचं उत्तर आलंय : पुढच्या सीझनचे नमुने कधी पाठवताय.